आज्ञापत्रांतील विधि आणि अर्थवाद

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचें (इ. स. १७१५) वाङ्मयीन परीक्षण करूं जातां अलंकारशास्त्राची परिभाषा सहजच हातीं येते. उपमा-दृष्टांत मोजून झाले कीं परीक्षण संपलें! परंतु ती परिभाषा मुख्यत्वें काव्याकरितां आहे. वाचणारास कर्तव्याकडे वळविणाऱ्या गद्याची परिभाषा पूर्वमीमांसेनें सिद्ध करून ठेविली आहे. ‘अमुक करावें’ हा विधि. त्याची रुचि उपजविण्यासाठीं केलेली स्तुति, किंवा निषिद्धाची निंदा, हा अर्थवाद.

आरमाराचें प्रकरण पहावें. रयतेचीं आंब्या-फणसांचीं झाडें बळानें तोडूं नयेत, हा निषेध. झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाहीं, हें सर्वांस ठाऊकच. मीमांसक यास अनुवाद म्हणतील. रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलीं, हा गुणसादृश्यावर उभा असलेला गुणवाद. ही उपमा शोभेची नव्हे. ती काढिल्यास अंमलदाराचा हात थांबविणारें फारसें कांहीं उरत नाहीं.

या परिभाषेचें खरें प्रयोजन संशोधकास आहे. ग्रंथारंभींचा शिवछत्रपतींचा व औरंगजेबाच्या स्वारीचा वृत्तांत हाही आमच्या मतें पुढील विधींचा अर्थवादच होय. भूतार्थवाद म्हणून तो अन्य प्रमाणाचा विरोध येईपर्यंत ग्राह्य. मात्र त्यांतील स्तुतिवाक्य तेवढें सुटें करून पुरावा म्हणून पुढें करणें आम्हांस मान्य नाहीं. तसेंच, वरील निषेधावरून मराठी राज्यांत रयतेचीं झाडें कोणी तोडीतच नसे, असें अनुमान काढणें उफराटें आहे. जें घडण्याचा संभव असतो त्याचाच निषेध करावा लागतो. तेव्हां अशी तोड होत असावी, इतकेंच त्यावरून म्हणतां येईल.