खूण धोक्याची की उपायाची?

शाळाशाळांतून आरोग्यतपासणीची शिबिरे आता नेहमीची झाली आहेत. रक्त देऊन चार दिवस उलटले, की शिक्षकांच्या खोलीत कागद फिरू लागतात. "सर, माझी उपाशीपोटीची साखर एकशेआठ आली आहे, काळजीचे आहे का?" "अहो बाई, माझी तर ब्याण्णव, पण एचबीए१सी सहा!" या चर्चेत हल्ली एक नवी भर पडली आहे. रक्ताच्या एकाच नमुन्यातून वीस-पंचवीस घटक मोजायचे आणि त्यांवरून खास त्या माणसासाठी बेतलेला आहार आणि व्यायाम सांगायचा, अशा योजना विकत मिळू लागल्या आहेत. शेजारच्या सहकाऱ्याला भात बंद, आपल्याला चालू. त्याने चालायचे, आपण वजने उचलायची. मधुमेह टाळण्यासाठी सर्वांना एकच उपदेश करण्याचे दिवस संपले, असे यामागचे म्हणणे.

हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या माणसांपैकी कोणाला काय लागू पडेल, हे रक्त सांगणार असेल तर कोणाला नको आहे? पण या विषयावरचे संशोधन जसजसे आम्ही वाचत गेलो, तसतसे आम्हाला वाटू लागले की येथे दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. कोणाला धोका अधिक आहे, हा एक प्रश्न. कोणता उपाय कोणाला लागू पडेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देणारी खूण दुसऱ्याचेही उत्तर देते, असे गृहीत धरले जाते. ते तसे आहे का?

आधी सर्वांसाठीच्या एकाच उपायाने काय साधले ते पाहू. चीनमधील दाचिंग या तेलाच्या शहरात १९८६ साली ५७७ माणसांवर एक प्रयोग सुरू झाला. सहा वर्षांनी, काहीच विशेष न केलेल्या गटातील सुमारे ६८ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार किंवा व्यायाम बदललेल्या गटांत हे प्रमाण ४१ ते ४६ टक्के होते. पुढे फिनलंडमध्ये ५२२ जणांवर (२००१) आणि अमेरिकेत ३२३४ जणांवर (२००२) प्रयोग झाले. अमेरिकेतील कार्यक्रम अगदी साधा होता. वजन सात टक्क्यांनी उतरवायचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायचा. दोन्हीकडे नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले.

हा ५८ टक्क्यांचा आकडा सगळीकडे छापला जातो. त्याच्या पोटात काय आहे ते मात्र क्वचितच सांगितले जाते. अमेरिकेच्या प्रयोगात नियंत्रित गटातील दर शंभर माणसांमागे वर्षाला ११ जणांना मधुमेह होत होता. जीवनशैली बदललेल्यांत सुमारे ५ जणांना. म्हणजे शंभरांतील सहा जण त्या वर्षी वाचले. पाच जणांना कार्यक्रम पाळूनही मधुमेह झाला. उरलेल्या ८९ जणांना काही केले नसते तरी त्या वर्षी तो होणार नव्हता. आता ते वाचलेले सहा जण कोण? त्यांना ओळखता येत नाही. ताप उतरला तर तो उतरलेला दिसतो; न झालेला मधुमेह कोणाच्याही अंगावर दिसत नाही. फायदा गटाच्या आकड्यात आहे, पण त्यातल्या एकाकडेही बोट दाखवून 'हा वाचला' असे म्हणता येत नाही. ज्यांना फायदा होईल त्यांना आधीच ओळखू, असा दावा करणाऱ्यासमोरची खरी अडचण ही आहे.

धोका ओळखणाऱ्या खुणा मात्र खरोखरच सापडल्या आहेत. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून चालू असलेल्या पाहणीत रक्ताचे जुने नमुने राखून ठेवले होते. २०११ साली संशोधकांनी ते तपासले तेव्हा असे दिसले, की पुढे मधुमेह झालेल्यांच्या रक्तात ल्युसिन, व्हॅलिन यांसारखी पाच अमिनो आम्ले बारा-बारा वर्षे आधीपासून जास्त होती. त्यांतील तिघांचे मिळून प्रमाण ज्यांच्यात सर्वांत अधिक होते, त्यांना धोका पाच पटींहून जास्त होता. काम सुरेख आहे. पण आता 'तुमच्या रक्तात ल्युसिन जास्त आहे, सबब डाळ कमी करा' असे कोणी सांगू लागला तर? ल्युसिन डाळीत असते हे खरे. मात्र इन्शुलिनचा परिणाम मंदावला म्हणजे शरीरात या आम्लांचे विघटनही मंदावते. त्यामुळे त्यांची वाढ हे रोगाचे कारण नसून त्याची सावली असू शकेल. वर्गातले उदाहरण घ्या. सहामाहीत गणितात बारा गुण मिळालेला मुलगा वार्षिक परीक्षेतही अडखळेल हे बहुधा बरोबर ठरते. त्याला चित्रांनी शिकवावे की पाढे घोकून घ्यावेत, हे ते बारा गुण सांगत नाहीत.

उपायाची खूण पारखायची तर प्रयोग वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. फळ्यावर चार चौकोन काढा. आडव्या ओळींत खूण असलेले आणि नसलेले, उभ्या रकान्यांत उपाय एक आणि उपाय दोन. कोणाला कोणता उपाय हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. खूण असलेल्यांना पहिला उपाय दुसऱ्याहून सरस ठरला आणि खूण नसलेल्यांत तसा फरक दिसला नाही, तरच ती उपायाची खूण. चारांपैकी एक जरी चौकोन रिकामा राहिला तरी उत्तर मिळत नाही.

असा चारही चौकोन भरलेला एक चांगला प्रयोग कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. ग्लुकोजचे पाणी पाजल्यावर अर्ध्या तासाने ज्यांच्या रक्तात इन्शुलिन फार वाढते, त्यांचे वजन पिष्टमय पदार्थ कमी केल्याने अधिक उतरते, असे आधीच्या काही लहान प्रयोगांवरून वाटत होते. म्हणून ६०९ जणांचे हे इन्शुलिन मोजले, काही जनुकेही तपासली आणि चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना कमी चरबीचा व निम्म्यांना कमी पिष्टाचा आहार वर्षभर दिला. पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६ किलो. इन्शुलिनवरून किंवा जनुकांवरून कोणाला कोणता आहार मानवेल हे सांगता आले नाही. ही माणसे मधुमेही नव्हती आणि मोजले गेले ते वजन, मधुमेह नव्हे. हे लक्षात ठेवायला हवे. तरीही खूण आणि आहार यांची जोडी लावण्याच्या कल्पनेची इतकी सरळ परीक्षा फार थोड्यांनी घेतली आहे.

याच प्रयोगात दोन्ही गटांत कोणाचे वजन तीस किलोपर्यंत उतरले, तर कोणाचे दहाएक किलोने वाढले. 'पाहा, प्रत्येकाचे शरीर वेगळे!' असा निष्कर्ष यावरून लगेच काढला जातो. पण एकाने आहार पाळला आणि दुसऱ्याने पाळला नाही, एकाच्या घरी लग्न होते, दुसऱ्याची नोकरी गेली, याचाही तो फरक असू शकतो. शिवाय निव्वळ योगायोगाचा भाग उरतोच. तो किती फसवा असतो हे मुलांना एका तासात दाखवता येईल. वर्गातल्या छत्तीस मुलांना प्रत्येकी दोन फासे टाकून बेरीज लिहायला सांगा. सुमारे दहा मुलांची बेरीज पाच किंवा त्याहून कमी येईल. त्यांची सरासरी चारच्या आसपास. या दहा जणांना फाशांवर फुंकर मारायला सांगा आणि पुन्हा टाकू द्या. सरासरी सातच्या जवळ जाईल. फुंकरीचा गुण आला! ज्यांची साखर पहिल्या तपासणीत सर्वांत जास्त त्यांनाच कार्यक्रमाचा सर्वाधिक लाभ झाला, असे वाचले की आम्हाला हे फासे आठवतात. नियंत्रित गटातही तितकीच चढी साखर असलेले लोक होते का, आणि त्यांची साखर आपोआप किती उतरली, हे त्या वेळी विचारले पाहिजे.

दुसरे गाजलेले काम इस्राएलमधील वाइझमन संस्थेचे आहे. २०१५ साली तेथील संशोधकांनी आठशे माणसांच्या त्वचेखाली संवेदक बसवून सुमारे सत्तेचाळीस हजार जेवणांनंतरची साखर टिपली. एकाच पदार्थाने कोणाची साखर खूप वाढते, कोणाची जेमतेम, हे त्यांनी दाखवले. रक्ताच्या चाचण्या, आतड्यांतील जंतू वगैरे माहितीवरून तो चढ आधीच सांगणारे गणितही त्यांनी बसवले. २०२१ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २२५ जणांवर या वैयक्तिक आहाराची भूमध्यसागरी आहाराशी तुलना झाली, आणि साखरेच्या बाबतीत वैयक्तिक आहार सरस ठरला. येथवर ठीक. पण वैयक्तिक आहार घेणाऱ्यांच्या ताटातले पिष्टमय पदार्थही दुसऱ्या गटापेक्षा कमी झाले होते. मग फायदा 'वैयक्तिक'पणाचा की पोळी-भात कमी झाल्याचा? सर्वांना सरसकट पिष्ट कमी करायला सांगणारा तिसरा गट असता तर कळले असते. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये २०४ जणांवर, वजन उतरवण्यासाठी, याच पद्धतीच्या आहाराची साध्या कमी चरबीच्या आहाराशी तुलना झाली. सहा महिन्यांत वैयक्तिक आहाराचा काही जादा लाभ दिसला नाही.

जर्मनीतील ११०५ जणांवरचा २०२१ सालचा प्रयोग आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो. स्वादुपिंडातून इन्शुलिन कमी स्रवणारे, किंवा यकृतात चरबी साठून इन्शुलिनला दाद न देणारे, अशांना त्यांनी 'अधिक धोक्याचे' ठरवले आणि त्यांतल्या काहींना नेहमीचा कार्यक्रम, काहींना दुप्पट व्यायामाचा दिला. दुप्पट व्यायामाच्या गटाची ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखर अधिक उतरली. पण कमी धोक्याच्या माणसांना दुप्पट कार्यक्रम दिलाच नव्हता. त्यांनाही तेवढाच लाभ झाला असता का? तो चौकोन रिकामा आहे.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न टाळून चालणार नाही. चेन्नईत ५३१ जणांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जीवनशैली बदलून मधुमेहाचे प्रमाण घटले ते २८.५ टक्क्यांनी, पाश्चात्त्यांच्या निम्म्यानेच. नियंत्रित गटातील ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला होता. आपल्या लोकांत काही निराळे आहे, असे वाटायला जागा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेले छायाचित्र पुष्कळांना माहीत असेल. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मुळात हाडकुळ्या माणसाला सात टक्के वजन उतरवा म्हणून काय सांगणार?

२०१६ साली चेन्नईतच ५७८ जणांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगाने एक धागा हाती दिला. एकूण घट ३२ टक्के होती. ज्यांची फक्त उपाशीपोटीची साखर चढी होती त्यांच्यात ती १२ टक्केच. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांची साखर चढी असलेल्यांत ३१ टक्के. दोन्ही चढ्या असलेल्यांत ३६. उपाशीपोटीची साखर मुख्यत्वे यकृतातून येते आणि जेवणानंतरची प्रामुख्याने स्नायू उचलतात. चालण्याने स्नायू सुधारत असतील, तर हा फरक अर्थपूर्ण वाटतो. पण गणिताने पाहता तो निव्वळ योगायोगानेही सहज येऊ शकला असता, आणि हे त्या संशोधकांनी आकड्यासह नोंदवले आहे. विकत मिळणाऱ्या योजनांच्या रंगीत पत्रकांत अशी नोंद आम्हाला कधी आढळली नाही.

आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट येथेच आहे. दाचिंग, फिनलंड, अमेरिका, चेन्नई, या सर्व जुन्या प्रयोगांत माणसे निवडली होती ती ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी मोजलेल्या साखरेवरून. म्हणजे जीवनशैली बदलून मधुमेह टळतो याचा मुख्य पुरावा त्या चाचणीत सापडलेल्या माणसांचा आहे. शिबिरांत मात्र ही चाचणी सहसा होत नाही. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज प्यायचे आणि दोन तास बाकावर बसायचे, एवढा वेळ कोणाला आहे? त्याऐवजी उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी मोजतात. एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली याचे माप. लोहाच्या कमतरतेने पंडुरोग झाला तर ते खोटे वाढू शकते. विदर्भात किंवा नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलच्या रोगात तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून ते खोटे कमी येऊ शकते. अशा आकड्यावर बेतलेला 'वैयक्तिक' कार्यक्रम एखाद्या बाईंच्या मधुमेहासाठी नसून त्यांच्या पंडुरोगासाठीच बेतलेला निघायचा.

२०१६ च्या चेन्नईच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट होती. कोणाला काय लागू पडेल याचे भाकीत त्यांनी आधी केलेच नाही. कार्यक्रमाच्या गटात सर्वांना एकाच तऱ्हेच्या वर्गांत बसवले, एकच व्यायाम आणि एकच आहार शिकवला. चार महिन्यांनंतर पुन्हा रक्त तपासले आणि ज्यांचा धोका तरीही फारसा उतरला नव्हता, त्यांना मेटफॉर्मिन हे जुने, स्वस्त औषध जोडून दिले. अखेरीस शंभरातील बहात्तर जणांना ते द्यावे लागले.