विरह आणि एकाकीपण : ग्रीक पुराणकथांचे नवे अवतार

‘ओडिसी’च्या दहाव्या सर्गात ओडिसियस सर्सीच्या घरी जातो तेव्हा ती एकटी नसते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. तिच्या दिमतीला चार दासी आहेत. झरे, वनराया आणि समुद्राला मिळणाऱ्या पवित्र नद्या यांच्यापासून जन्मलेल्या. एक आसनांवर वस्त्रे अंथरते, दुसरी रुपेरी चौरंग मांडते, तिसरी मद्य सिद्ध करते, चौथी स्नानाचे पाणी तापविते. ही देवता मागावर विणता विणता गाते, आलेल्या पुरुषांची डुकरे करते, आणि ज्याच्यावर आपली मात्रा चालत नाही तो ओडिसियसच होय हे ओळखताच त्याला शय्येवर बोलाविते. तिला ही इच्छा का झाली, हे होमर सांगत नाही. इच्छेला कारण द्यावे लागते, असे त्याला वाटलेच नसावे.

मॅडलिन मिलर या अमेरिकन लेखिकेच्या ‘सर्सी’ (२०१८) या कादंबरीत मात्र कारणावाचून काहीच घडत नाही. तेथील सर्सी पित्याच्या, म्हणजे सूर्यदेव हीलिऑसच्या प्रासादातच एकाकी आहे. तिचा आवाज मर्त्यांसारखा, म्हणून भावंडे तिची टर उडवितात. ग्लॉकस नावाच्या कोळ्यावर तिचे मन बसते, ती त्याला देवत्व मिळवून देते, आणि देव झालेला तो स्किलाच्या मागे लागतो. मग स्किलाचे राक्षसीत रूपांतर, आणि मग निर्जन बेटावर हद्दपारी. ओव्हिडच्या काव्यात ग्लॉकस सर्सीकडे येतो तो आधीच स्किलावर अनुरक्त होऊन. मिलरने हा क्रम फिरविला व सर्सीच्या मत्सराला वंचनेचा आधार दिला. हा फरक लहान नाही.

आपल्या साहित्यशास्त्राच्या अंगाने पाहिले म्हणजे या फरकाचे मर्म उघड होते. मम्मटाने विप्रलंभाचे अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप असे जे पाच प्रकार सांगितले, त्या प्रत्येकात आलंबन गृहीत आहे. कोणीतरी विशिष्ट व्यक्ती दूर आहे, म्हणून मन झुरते. पेनेलपीची व्यथा प्रवासहेतुक आहे, मेघदूतातील यक्षाची शापहेतुक. कॅलिप्सोच्या बेटावर सात वर्षे अडकून किनाऱ्यावर अश्रू ढाळणाऱ्या ओडिसियसलाही आपण कोणासाठी व कोणत्या भूमीसाठी रडतो, हे पुरते ठाऊक आहे. मिलरच्या सर्सीची व्यथा या पाचांपैकी कोठेच बसत नाही. हर्मीस येतो, डीडॅलस येतो, ओडिसियस येतो. परंतु यांपैकी कोणीच आला नसता तरी तिचे एकाकीपण तेवढेच असते. येथे एकाकीपण आधी आणि इच्छा त्यातून मागाहून उगवते. प्रियकर हे आलंबन न राहता केवळ उद्दीपन उरतात. यास विरह म्हणता येणार नाही. आधुनिक माणसाची ही वेगळीच अवस्था असून, पुराणकथेला ती नवी आहे.

एवढ्यावरून आम्ही या कादंबरीस दोष देत नाही. दोष दिसतो तो निराळ्या ठिकाणी. डुकरांची कथा घ्या. मिलरची सर्सी बेटावर उतरलेल्या खलाशांचे आतिथ्य करते, त्यांचा नायक तिच्यावर बलात्कार करतो, आणि तेव्हापासून ती येणाऱ्यांची डुकरे करू लागते. वाचकाची सहानुभूती तत्काळ तिच्याकडे वळते, हे खरे. पण होमरच्या सर्सीचे जे भय होते, ते या समर्थनात विरघळून जाते. लेखिका जणू नायिकेचे वकीलपत्र घेऊन उभी आहे. स्त्रीच्या इच्छेला व क्रोधाला पूर्वीच्या कवींनी अपराध मानले असेल. पण त्यावर उतारा म्हणून प्रत्येक इच्छेस दुःखाचा दाखला जोडणे, हे तिला स्वतंत्रपणे मान्य करणे नव्हे.

आपल्याकडे १९५९ साली ‘ययाति’त खांडेकरांनी राजाची वासना त्याच्याच तोंडून वदविली आणि तिच्यामागे मृत्यूचे भय उभे केले. तथापि ययातीची सुटका त्यांनी केली नाही. वर्गात ती कादंबरी शिकविताना हा मुद्दा बहुधा निसटतो.

इच्छेचे समर्थन न करताही एकाकीपण कसे रंगविता येते, हे पाहावयाचे तर अ‍ॅन कार्सन या कॅनेडियन कवयित्रीची ‘ऑटोबायोग्राफी ऑफ रेड’ (१९९८) ही पद्यकादंबरी वाचावी. हेराक्लीजने दहाव्या पराक्रमात गेरियन या राक्षसाला मारून त्याची गुरे पळविली, ही मूळ कथा. स्टेसिकोरसने ती काव्यात गुंफली. त्याचे जे तुकडे ईजिप्तमधील पपायरसांवर सापडून १९६७ साली प्रसिद्ध झाले, त्यांत बाण लागलेल्या गेरियनची मान खसखशीच्या फुलासारखी कलते. शत्रूकडे इतक्या मायेने पाहणारा कवी विरळा. कार्सनचा गेरियन आजच्या काळातील मुलगा आहे. लाल, पंख असलेला, ते पंख कोटाखाली दडविणारा. हेराक्लीज त्याचा प्राण घेत नाही. त्याच्यावर प्रेम करतो आणि त्याला सोडून जातो. पुढे अनेक वर्षांनी ब्वेनोस आयरिसमध्ये दोघे पुन्हा भेटतात, तेव्हा हेराक्लीजबरोबर दुसरा तरुण आहे. गेरियन छायाचित्रे काढीत राहतो. त्याच्या ओढीला कवयित्री ना सबब देते, ना शिक्षा. येथे आलंबन एकच व अटळ आहे, म्हणूनच हा खरा विप्रलंभ ठरतो. जन्माचे एकाकीपण त्याखाली आहेच, पण ते इच्छेची जागा घेत नाही.

मिलरलाही हे एकदा साधले आहे, डीडॅलसच्या प्रकरणात. सर्सीचा माग होमरमध्ये नुसता असतो. मिलरने तो डीडॅलसकडून आलेली भेट केला. मायनॉसच्या घरी कैदी असलेला हा कारागीर मरून जातो, माग मात्र राहतो, आणि ती त्यावर विणीत बसते. या पानांत एकाकीपणाला एकदम चेहरा मिळतो.

शेवटही विचार करण्याजोगा आहे. ‘टेलेगोनी’ हे महाकाव्य लुप्त झाले, पण त्याचा सारांश उपलब्ध आहे. त्यात सर्सी पेनेलपी व टेलेमॅकस यांना अमर करते व टेलेमॅकसशी विवाह करते. मिलरने विवाहाचा धागा ठेवला आणि वर उलटा केला. तिची सर्सी टेलेमॅकसबरोबर जगण्यासाठी स्वतःचेच अमरत्व टाकू पाहते. सोबतीचे सारे आयुष्य, म्हातारपणासह, ती मनाने पाहून घेते, आणि मग भरला प्याला ओठांना लावते. त्या औषधाचा गुण आला की नाही, हे कादंबरी सांगत नाही.