रेषा पुसल्यावर काय?

…तर नगररचनेच्या एम. प्लॅनला पर्यावरण शिकताना एक पुस्तक वाचाच. अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांचं ‘सोक’, 2009 चं. त्याच्या मागे 26 जुलै 2005 आहे. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस. त्यांचं म्हणणं असं, की मुंबई हे बेट नाहीच, ती खाडी आहे. जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं, ही रेषा नकाशावाल्यांनी ओढली. पटतं बुवा! मिठीला नाला म्हणणाऱ्या शहराला हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

पण विद्यार्थी इथेच भुलतात. ओलाव्याची सुंदर चित्रं काढतात, रेषा तेवढी काढत नाहीत. अहो, विकास आराखडा काय, सीआरझेड काय, सगळा रेषांचाच कारभार! त्याच मिठीकाठी दलदलीत भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, ते विकास ठरलं. काठावरची झोपडी मात्र अतिक्रमण. रेषा पुसली तर त्या झोपडीवाल्याने काय दाखवून जागा मागायची? याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. तुमच्या स्टुडिओतही अजून कुणी दिलेलं नाही.