असईच्या टेबलावरचे गोलंदाज

दिवाळीतल्या किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि मावळा तोफेपेक्षा थोराड. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही, कारण इतिहास अचूक सांगण्याचा दावा त्या किल्ल्याने केलेलाच नसतो. इंग्लंड-अमेरिकेत ऐतिहासिक युद्धखेळासाठी घरी बसून शिपायांच्या पलटणी रंगवणाऱ्या हौशी मंडळींचा दावा मात्र तसा असतो. तेव्हा त्यांच्या कामाला मापही जरा कडक लावायला हवे.

हा निव्वळ पोरखेळ नव्हे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन लढाईचे शिक्षण द्यायची पद्धत रूढ केली. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून शिपायांची लढाई दिवाणखान्यात आणली, तर १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या ‘वॉर गेम्स’ने तिला प्रौढांच्या छंदाचे रूप दिले.

माझ्या एका अमेरिकन सहकाऱ्याने चार वर्षे संध्याकाळी खपून तळघरातल्या दहा फुटी टेबलावर असईची लढाई उभी केली आहे. २३ सप्टेंबर १८०३, आजचा जालना जिल्हा. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

आधी रंगकामाबद्दल, कारण ते खरोखर उत्तम आहे. शिपाई २८ मिलिमीटरचे, काही धातूचे, काही प्लॅस्टिकचे. प्रत्येकाची साच्याची कड घासायची, अस्तर द्यायचे, मूळ रंग भरायचे, मग पातळ तपकिरी रंग कपड्यांच्या चुण्यांत उतरू द्यायचा आणि शेवटी उंचवट्यांवर फिकट हात फिरवायचा. एका शिपायाला वीस माणसे हे त्याचे प्रमाण. शिंद्यांचे कवायती पायदळच दहा हजारांवर होते. म्हणजे एका बाजूच्या पायदळालाच पाचशेवर शिपाई लागले. तासाला एक धरला तरी हिशेब वाचकांनीच करावा! पण मला जास्त आवडली ती त्याची नजर. सगळ्या देशी शिपायांना त्याने एकच तपकिरी कातडी दिलेली नाही. तोफा ओढणारे बैल आहेत, आणि त्यांची शिंगे एकसारखी नाहीत. केळना नदीच्या दक्षिणेला वेलस्लीच्या बाजूने पेशव्यांचे घोडेस्वारही उभे आहेत. १८०२ च्या वसईच्या तहानंतर ते तिथे असणारच. आपल्यापैकी पुष्कळांना ही गोष्ट आठवायला आवडत नाही. या परक्या माणसाने ती निमूटपणे रंगवून ठेवली आहे.

प्रमाणांची गंमत इंजिनियरच्या डोळ्यांना आधी दिसते. शिपायाची उंची साठास एक, माणसांची संख्या वीसास एक, जमीन सुमारे हजारास एक. त्यामुळे असई गाव दोन घरांत आटोपते. याला माझी हरकत नाही. कोणत्याही प्रतिकृतीत काहीतरी गाळावेच लागते. हरकत आहे ती रंग न लागलेल्या भागाला, म्हणजे त्याने स्वतः लिहिलेल्या नियमांना. आमच्या धंद्यात पडद्यावरचे चित्र सुरेख असले म्हणून आतले गणित बरोबर ठरत नाही. मोजलेल्या निकालाशी ते ताडून पाहावे लागते.

मी तेच केले. त्याच्या नियमांत मराठी पलटणीला तोंड फिरवायचे तर फाशावर सहाच पडावे लागतात. प्रत्यक्षात काय घडले? वेलस्ली अनपेक्षित ठिकाणी केळना उतरून बगलेवर आल्यावर पोहलमन या हानोव्हरच्या सेनानीने कवायती पायदळाची अख्खी रांग काटकोनात फिरवून त्याच्यासमोर उभी केली. महादजींनी १७८४ मध्ये डी बॉईनला चाकरीस ठेवून जे कंपू उभारायला घेतले, त्यांची शिस्त ही अशी होती. दुसरा नियम याहून वाईट: शत्रू तोफांपर्यंत पोचला की मराठी गोलंदाज पळतात आणि टेबलावरून उचलले जातात. असईला गोलंदाज तोफांपाशीच मेले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे सरकताच उठून त्यांनी तिच्या पाठीवर तोफा डागल्या. लढाई वेलस्लीने जिंकली, ९८ तोफा घेतल्या, पण त्याचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. वॉटर्लूनंतरही तो असईलाच आपली सर्वांत मोठी कामगिरी म्हणत असे, असे सांगतात.

खुद्द वॉटर्लूच्या प्रतिकृतीचेही असेच झाले आहे. विल्यम सायबोर्न याने रणभूमीवर महिनोन्‌महिने राहून मोजणी केली, हयात अधिकाऱ्यांना पत्रे लिहून माहिती गोळा केली आणि १८३८ मध्ये हजारो कथलाच्या शिपायांची प्रतिकृती लंडनमध्ये मांडली. तीत प्रशियन फार दिसतात, हे वेलिंग्टनच्या गोटाला रुचले नाही. पुढे सायबोर्नने बरेच प्रशियन काढून टाकले. ती प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. तिथे निदान काय उचलले गेले हे कळते तरी. फाशांच्या कोष्टकातली उचलाउचल डोळ्यांना दिसत नाही.

मी एवढा हट्ट का धरतो, असे काहींना वाटेल. आपल्या मंडळातली तीन मुले त्या टेबलावर खेळून आली. परतताना गाडीत एकाने शांतपणे निष्कर्ष सांगितला, की शिंद्यांची फौज म्हणजे नुसती गर्दी होती. त्याला हे कोणी शिकवले नव्हते. फाशांनी तीन वेळा सांगितले आणि त्याला ते पटले. पाठ्यपुस्तकातले वाक्य विसरता येते. स्वतःच्या हाताने उचलून डब्यात ठेवलेला गोलंदाज विसरणे अवघड.

सहकाऱ्यापुढे मी हे सारे मांडले. वळण्याचा नियम त्याने लगेच बदलला. गोलंदाजांबाबत मात्र तो अडला: तसे केले तर वेलस्ली निम्म्या वेळा हरेल, आणि इतिहासात तर तो जिंकला. मी म्हटले, त्या दिवशी दुपारी हे वेलस्लीला ठाऊक नव्हते. त्यावर तो काही बोलला नाही. परवा त्याच्याकडे गेलो तेव्हा कामाच्या टेबलावर सहा प्लॅस्टिकचे गोलंदाज गुडघ्यात कापून, आडवे करून चिकटवलेले दिसले. पाचांना नुसते अस्तर होते. सहावा रंगवून झाला होता, आणि त्याचे डोळे उघडे होते.