अंगीठा आणि घागर

होट्टलचा सिद्धेश्वर किंवा निलंग्याचा नीलकंठेश्वर पाहून आलेल्या माणसाला नांदेडचा सचखंड हजूर साहिब गुरुद्वारा आधी जरा परकाच वाटतो. आपल्या मराठवाडी देवळांत भार दगडच पेलतो आणि नक्षीही दगडालाच. इथे संगमरवर, त्यात जडवलेली फुलं-वेली, वर सोन्याचा पत्रा. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात, निजामाच्या मुलखात, गोदाकाठच्या नांदेडला हे पंजाबी काम उभं केलं. अमृतसरच्या हरिमंदिरावर सोनं चढवणारेही तेच. पण तिथे तळं आहे, सोनं पाण्यात दुप्पट होतं. इथे घुमट एकटाच तळपतो, आणि खरं सांगायचं तर नजर फार वेळ वर अडकते.

वाचायची ती आतली खोली. गुरू गोविंदसिंगांचा देह १७०८ साली जिथे अग्नीला दिला, ती जागा म्हणजे अंगीठा साहिब. दोन मजले, कोपऱ्यांवरचे छोटे मनोरे, कळस, सगळा पसारा या एका खोलीभोवती. आत जातात ते फक्त मुख्य पुजारी. आपण बाहेरूनच पाहायचं. समोर ग्रंथसाहिब आणि दसम ग्रंथ, त्यांच्या पलीकडे गाभाऱ्यात शस्त्रं: कट्यार, तोड्याची बंदूक, धनुष्यबाण, रत्नजडित ढाल. ना मूर्ती, ना तसबीर. याच गावात गुरूंनी ग्रंथाला गुरुगादी दिली, त्यामुळे ही मांडणी नुसती सजावट राहत नाही. नजर आधी शब्दावर टेकते, मगच पोलादापर्यंत पोचते. गवंड्याला एवढा क्रम साधला, मग सोनं थोडं कमी असतं तरी चाललं असतं!

गोदावरी इथे आरसा होत नाही, ती घागरीतून आत येते. रोज गागरिया सिंग म्हणवला जाणारा सेवेकरी अनवाणी नदीवर जातो, पाणी भरून आणतो, आणि चितेच्या त्या जागेची सेवा त्याच पाण्याने होते. संध्याकाळी आरतीला नगारा वाजतो, कपाळी चंदन लागतं. वारकऱ्याच्या घरात वाढलेल्याला इथे अवघडल्यासारखं होत नाही.

२००८च्या गुरुगादी त्रिशताब्दीत रस्ते रुंदावले, घाट चकचकीत झाले. दिव्यांचा झगमगाट मला जास्तच वाटतो; जडावकाम बघायचं तर दिवसाच, अगदी जवळून. मग बंदाघाटावर जावं. तिथे माधोदास बैराग्याचा मठ होता. गुरूंना भेटून तो बंदासिंग झाला आणि इथूनच पंजाबकडे निघाला, रणजितसिंगांचे कारागीर इकडे येण्याच्या सव्वाशे वर्षं आधी.