दहा पौंडांची माफी

नाझी छळातून वाचलेल्यांना जर्मनी सन १९५६ च्या कायद्याने जे पेन्शन देते ते दान नव्हे, देणे आहे. इंग्लंडचे आयकर खाते हे मानते. सन २००३ च्या कायद्याप्रमाणे या जर्मन व ऑस्ट्रियन पेन्शनवर येथे एका पेनीचाही कर नाही. परंतु तेच पेन्शन घेणारी वृद्धा पेन्शन क्रेडिट मागावयास गेली की हिशेब पालटतो. सन २००२ च्या नियमांत आठवड्याचे फक्त १० पौंड सोडले आहेत, बाकीचे तिचे उत्पन्न. ६० पौंड येत असतील तर ५० मोजावयाचे आणि गॅरंटी क्रेडिट तेवढेच कमी करावयाचे. म्हणजे जर्मनीने तिला पाठविलेले ५० पौंड अखेर ब्रिटिश तिजोरीचे वाचले!

नवल पुढेच आहे. वेठीची मजुरी, गेलेली मालमत्ता, शरीराची इजा यांची महायुद्धकालीन भरपाई एकरकमी मिळाली तर ती बचतीत धरू नये, असे हेच नियम सांगतात. गठ्ठ्याने आले तर भरपाई, हप्त्याने आले तर कमाई! ही दोन कलमे कोणी शेजारी ठेवून वाचली नसावीत.

घरी येणाऱ्या मदतनीस बाईचे शुल्क ठरवितानाही तेच १० पौंड. आमच्याकडे ही आकारणी ब्रॅकनेल फॉरेस्ट कौन्सिल करते, पण नियम साऱ्या इंग्लंडचा. माजी सैनिकांचे युद्धातील अपंगत्वाचे पेन्शन सन २०१७ पासून या हिशेबातून वगळतात, ते योग्यच. मग छावणीतून वाचलेल्यांनी काय केले? नर्सिंगच्या नोकरीत आम्ही अशी माणसे पाहिली आहेत. पाव उशीखाली दडविणारी, शॉवरचे नाव काढताच थरथरणारी. त्यांना ओळखीचाच हात लागतो, जास्त वेळ लागतो, आणि वेळेला पैसे पडतात. अमेरिकेने सन १९९४ मध्ये कायदा करून अशी रक्कम गरजूंच्या सरकारी मदतीच्या हिशेबातून पूर्ण काढली. येथेही विंड्रशची भरपाई वगळतात. तेव्हा करता येत नाही असे नाही.

कोकणातल्या शनवार तेल्यांना असे कोणी छळले नाही, तेव्हा आपला काय संबंध, असे काहीजण म्हणतील. पण आता अश्केनाझी घरांत आपल्या लेकी नांदत आहेत व तेथील सासूसासऱ्यांचे फॉर्म त्याच भरतात. त्यांनी पेन्शन लपवू नये. ते कोणत्या कायद्याने मिळते हे स्पष्ट लिहून १० पौंडांची सूट मागावी. अटेंडन्स अलाउन्सला उत्पन्नाची अट नाही, त्याचा अर्ज आधी करावा.