चौरस्त्यावर कोण चुकले? ('कॅनडा ॲट द क्रॉसरोड्स'चे उशिरा केलेले वाचन)

मायकेल पोर्टर यांचे 'कॅनडा ॲट द क्रॉसरोड्स' हे पुस्तक टोरांटोच्या मराठी मंडळींपैकी फार थोड्यांनी वाचले असेल. त्याचा निष्कर्ष मात्र १९९१-९२ साली आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता. कॅनडा सुस्तावला आहे, खाणी आणि जंगले विकून आरामात जगायची त्याला सवय लागली आहे, जग पुढे निघून गेले आणि म्हणून आता नोकऱ्या जात आहेत. गणपतीच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात, चहाचा कागदी पेला हातात धरून, मी स्वतः हे चारचौघांना तीनदा तरी ऐकवले असेल. पुस्तक मी तेव्हा उघडलेही नव्हते. वर्तमानपत्रात त्यावर आलेले लेख तेवढे वाचले होते, आणि आपल्याकडे अधिकारवाणीने बोलायला तेवढे पुरते.

आता निवृत्तीनंतर ते सबंध वाचले, त्याला निमित्त झाले भाच्याच्या एका फोनचे. २०२४ च्या मार्चमध्ये बँक ऑफ कॅनडाच्या वरिष्ठ उपगव्हर्नर कॅरोलिन रॉजर्स यांनी हॅलिफॅक्सला भाषण केले आणि उत्पादकतेचा प्रश्न आता आणीबाणीच्या थराला गेला आहे असे सांगितले. १९८४ साली कॅनडात एका तासाच्या कामातून अमेरिकेच्या ८८ टक्के मूल्य तयार होत होते, २०२२ मध्ये ते ७१ टक्क्यांवर आले, असे त्यांनी दिलेले आकडे आहेत. भाचा वॉटर्लूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या कंपनीने त्याच महिन्यात बऱ्याच जणांना घरी पाठवले होते, त्यात तोही होता. त्याने विचारले, "मामा, म्हणजे आम्हीच कमी पडतो, असंच ना?" हा प्रश्न मी तीस वर्षांपूर्वी ऐकला होता, आणि तेव्हा दिलेले उत्तर आठवून मला बरे वाटले नाही. म्हणून वाचनालयातून पुस्तक मागवले.

आधी पुस्तकाविषयी. पोर्टर हे हार्वर्डचे प्राध्यापक. १९९० साली त्यांनी दहा देशांचा अभ्यास करून एक जाडजूड ग्रंथ लिहिला. देशाचे वैभव त्याच्या भूगर्भात नसते. ते तिथल्या कंपन्यांना मिळणाऱ्या आव्हानातून, चोखंदळ गिऱ्हाइकांतून, चांगल्या पुरवठादारांतून आणि आपसातल्या चुरशीतून येते, असे त्याचे सूत्र. त्या दहांत कॅनडा नव्हता. मग मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांची संघटना 'बिझनेस कौन्सिल ऑन नॅशनल इश्यूज' आणि कॅनडा सरकार यांनी मिळून पोर्टर यांनाच कॅनडाची तपासणी करायला बोलावले. तो अहवाल ऑक्टोबर १९९१ मध्ये बाहेर पडला.

पुस्तक चांगले आहे, हे मी मोकळेपणाने म्हणतो. कॅनडाच्या ज्या 'जुन्या आर्थिक व्यवस्थे'चे पोर्टर वर्णन करतात ती आपण सर्वांनी आतून पाहिलेली आहे. लाकूड, धातू, तेल कच्चेच बाहेर पाठवायचे. बाजारपेठ जकातीच्या भिंतीआड सुरक्षित. बरेच कारखाने अमेरिकन कंपन्यांच्या शाखा, आराखडे डेट्रॉइटहून किंवा शिकागोहून येणार आणि इथे फक्त जोडणी होणार. संशोधनावर आणि कामगारांच्या प्रशिक्षणावर खर्च कमी. मी पवईहून शिकून आलेला डिझाइन इंजिनियर, पण पहिली सहा वर्षे अमेरिकेतून आलेल्या ड्रॉइंगवर इंच आणि मिलिमीटर यांची अदलाबदल करण्यात गेली. तेव्हा पोर्टर काय म्हणतात ते मला कोणी समजावून सांगायला नको. टोरांटो विद्यापीठाचे ॲलन रगमन यांनी त्यांच्यावर आक्षेप घेतला होता, की कॅनडाकडे एकटा देश म्हणून पाहणेच चूक, अमेरिकेच्या बाजारपेठेसह त्याचा विचार करायला हवा. तोही मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण माझी तक्रार त्याहून साधी आहे.

तक्रार अशी, की हे पुस्तक एका प्रश्नाचे उत्तर होते आणि आपण ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचले. देशाची उत्पादकता वीस-तीस वर्षांत हळूहळू का मागे पडते, हा पोर्टर यांचा प्रश्न. १९९० च्या वसंतात कारखाने एकाएकी का बंद पडू लागले, हा आपला प्रश्न. दमेकरी माणसाला गाडीने धडक दिली, तर पाय मोडण्याचे कारण दमा नसते. आणि त्या वेळी गाडी कोण चालवत होते हे लपलेले नव्हते.

१९८७ मध्ये जॉन क्रो बँक ऑफ कॅनडाचे गव्हर्नर झाले. जानेवारी १९८८ मध्ये एडमंटनच्या विद्यापीठात व्याख्यान देताना त्यांनी सांगितले, की भाववाढ नुसती आवरायची नाही, किमती स्थिर करणे हेच पतधोरणाचे ध्येय राहील. १९८९ मध्ये भाववाढ ५ टक्क्यांच्या आसपास होती. ती मोडण्यासाठी व्याजदर चढवत नेले. १९९० च्या मध्यावर बँक रेट १४ टक्क्यांच्या घरात गेला. त्या वेळी अमेरिकेत तिथल्या केंद्रीय बँकेचा दर ८ टक्क्यांच्या आसपास होता. एवढ्या फरकाने परदेशी पैसा इकडे ओढला गेला आणि कॅनडाचा डॉलर वर चढला. १९८६ मध्ये तो अमेरिकेच्या ७२ सेंटच्या आसपास होता. नोव्हेंबर १९९१ मध्ये ८९ सेंटवर गेला.

याचा अर्थ दुकानात उभे राहून पाहावा. आमच्या कारखान्यात १०० कॅनेडियन डॉलरला विकला जाणारा सुटा भाग ओहायोतल्या गिऱ्हाइकाला १९८६ मध्ये ७२ डॉलरला पडे, १९९१ मध्ये ८९ ला. लेथ तीच, कामगार तेच, चहाची सुट्टीही तेवढीच. आणि नेमक्या याच काळात, १ जानेवारी १९८९ पासून, अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार सुरू झाला होता. भिंत पाडायची आणि त्याच वेळी आपला माल महाग करून ठेवायचा, असा हा योग. पुढे १ जानेवारी १९९१ ला ७ टक्के जीएसटी आला. घरांचे तर विचारूच नका. टोरांटोत १९८९ मध्ये घराची सरासरी किंमत सुमारे २ लाख ७३ हजार होती, १९९६ मध्ये ती सुमारे १ लाख ९८ हजार. आपल्यातल्या कितीतरी जणांनी पहिले घर याच वरच्या भावाने आणि वरच्या व्याजाने घेतले होते. भाववाढ १९९२ मध्ये दीड टक्क्यावर उतरली. बेकारी त्या आणि पुढच्या वर्षी ११ टक्क्यांच्या वर होती.

माँट्रियलचे अर्थशास्त्रज्ञ पियर फोर्टिन यांनी १९९६ मध्ये कॅनडातल्या अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणात हे सारे मांडले. 'द ग्रेट कॅनेडियन स्लंप' या नावाने ते प्रसिद्ध आहे. १९३० च्या दशकानंतरची ही सर्वांत मोठी घसरण, आणि तिचा मुख्य दोष पतधोरणाचा, असे त्यांचे म्हणणे. त्याला १९९८ मध्ये बँकेच्याच चार्ल्स फ्रीडमन आणि टिफ मॅकलेम यांनी उत्तर दिले. सरकारी कर्जामुळे कॅनडाला व्याज जास्तच द्यावे लागत होते, उद्योगांची फेररचना चालू होती, सगळे खापर बँकेवर फोडू नका, असा त्यांचा रोख. (हेच मॅकलेम २०२० मध्ये गव्हर्नर झाले, आणि २०२२-२३ मध्ये दर पाव टक्क्यावरून ५ टक्क्यांपर्यंत त्यांच्याच हातून गेले.)

या वादात मला फोर्टिन अधिक पटतात, पूर्णपणे नाही. कर्जाचा प्रश्न खोटा नव्हता. १९९५-९६ मध्ये केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग व्याजात जात होता. फेररचनाही खोटी नव्हती. डॅनिएल ट्रेफ्लर यांनी २००४ मध्ये दाखवले, की ज्या उद्योगांची जकात सर्वांत जास्त उतरली तिथे १२ टक्के नोकऱ्या गेल्या आणि उत्पादकता १५ टक्क्यांनी वाढली. म्हणजे पोर्टर यांना हवे होते ते काही अंशी घडलेही. पण ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना त्या १५ टक्क्यांतले काय मिळाले, हे त्या आकड्यात दिसत नाही.

माझ्या दृष्टीने वादाचा निकाल पुढच्या दहा वर्षांनी लावला. व्याजदर उतरले, डॉलर घसरत जानेवारी २००२ मध्ये ६२ सेंटच्याही खाली गेला, अमेरिकेत तेजी आली, आणि २००० मध्ये इथली बेकारी ७ टक्क्यांच्या आत होती. जी जनता १९९२ मध्ये आळशी होती तीच ही. आठ वर्षांत राष्ट्राचा स्वभाव बदलत नाही.

आपल्याला हे खरे तर नवीन नको होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्या बंद पडल्यावर कामगार माजले म्हणून गिरण्या गेल्या, असे दादर-पार्ल्याच्या दिवाणखान्यांतून सर्रास बोलले गेले. गिरण्यांतले माग किती जुने होते, नफा यंत्रांत न घालता दुसरीकडे कुठे गेला, हे विचारणारे कमी. आपल्यापैकी अनेकजण ते बोलणे सामानात बांधून इकडे घेऊन आले.

पोर्टर यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट खटकते, आणि तिच्यात दोष पुस्तकाचा कमी, ते मागवणाऱ्यांचा जास्त आहे. त्यांनी औषध तिघांना लिहून दिले होते: सरकारला, कामगारांना आणि कंपन्यांना. सरकारने आपले घेतले. १९९५ च्या अर्थसंकल्पात पॉल मार्टिन यांनी केंद्राच्या ४५,००० नोकऱ्या कमी करायचे ठरवले, १९९७-९८ मध्ये तूट संपली. कंपन्यांवरचा केंद्रीय कर २००० मध्ये २८ टक्के होता, तो २०१२ पर्यंत १५ वर आणला. कामगारांनी तर औषध घेतलेच, त्यांना विचारले कोणी नाही. ऑन्टॅरिओच्या सरकारी नोकरांना १९९३ चे बिनपगारी 'रे डेज' आठवत असतील. यंत्रे, संशोधन, प्रशिक्षण यांवर खर्च वाढवायचा हा कंपन्यांचा भाग होता. तो झाला असता तर ८८ चे ७१ झाले नसते, असे मला वाटते. ज्या संघटनेने अहवाल मागवला तिच्याच सभासदांची बाटली कपाटात तशीच राहिली.

आता कारखान्याच्या आत येतो, कारण भाच्याचा प्रश्न तिथला आहे.

१९९० मध्ये आमच्या कंपनीने 'टोटल क्वालिटी'चे दोन दिवसांचे शिबिर विमानतळाजवळच्या हॉटेलात घेतले. त्यात डेमिंग यांचा लाल मण्यांचा खेळ होता. एडवर्ड्स डेमिंग म्हणजे १९५० मध्ये जपान्यांना गुणवत्तेचे संख्याशास्त्र शिकवणारे अमेरिकन. मोठ्या डब्यात पांढरे मणी, त्यात २० टक्के लाल. पन्नास खळगे असलेली एक फळी डब्यात बुडवून वर काढायची. लाल मणी म्हणजे सदोष माल. सहा जणांना 'कामगार' केले, त्यात मी. पहिल्या फेरीत मला सात लाल आले, टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या फेरीत तेरा आले, मुकादम झालेल्या गृहस्थांनी लटके रागावून दाखवले. शेवटी 'वाईट' तिघांना काढून टाकतात, 'चांगल्या' तिघांकडून दुप्पट काम घेतात, आणि लाल मणी येतच राहतात, कारण ते डब्यातच आहेत. आम्ही खूप हसलो. कारखान्यातले बहुतेक दोष व्यवस्थेचे असतात, माणसाचे फार थोडे, हा डेमिंग यांचा धडा वहीत लिहून घेतला.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीने सगळ्या इंजिनियरांना गुण देऊन एक क्रमवार यादी केली आणि खालच्या टोकाकडून माणसे कमी केली.

त्या पहिल्या यादीत आमचे एक स्नेही होते. व्ही.जे.टी.आय.चे मेकॅनिकल इंजिनियर, हिशेबात अचूक, बोलणे बेताचे. त्या कोजागरीला ते आले नाहीत. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मसाला दूध पिता पिता त्यांचे निदान केले. "अहो, मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाहीत, मग कसं चालेल?" हे वाक्य माझे होते. मला वाटत होते मी जात्याच वरच्या टोकाचा. १९९२ च्या दुसऱ्या यादीत माझे नाव आले. दोन वर्षांत 'उत्तम'चे 'सुधारणेस वाव' झाले होते. माझ्या कामात काय बिघडले हे मी अठरा महिने घरात बसून शोधत होतो. उच्चार सुधारायची एक कॅसेटही आणली. पत्नी तेव्हा बँकेत काउंटरवर होती, तिच्या पगारावर घर चालले. ओहायोचे गिऱ्हाईक गेले होते, डबाच बदलला होता, हे माझ्या डोक्यात आले नाही, हिशेब रोज वर्तमानपत्रात छापून येत असताना.

भाच्याला मी हे फोनवर सांगितले, तर तो म्हणाला, "पण मामा, माझं रेटिंग खरंच कमी होतं." ते कधी कमी झाले, व्याजदर चढण्याच्या आधी की नंतर, एवढे पाहून ये म्हणालो. त्याचा अजून फोन नाही.

त्या स्नेह्यांनी १९९३ मध्ये स्कारबरोचे घर तोट्यात विकले. १९९७ मध्ये, डॉलर उतरल्यावर, ब्रॅम्प्टनला मोटारींचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात त्यांना काम मिळाले, आणि तिथूनच ते सन्मानाने निवृत्त झाले. मीटिंगमध्ये ते तिथेही फारसे बोलत नसत.